हिल्डेबाईंचा डॅरिअस

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तो सात वर्षांचा असताना स्नेहसंमेलनाच्या दोन दिवस आधी शाळेतून निरोप आला, ‘नाचात नका पाठवू, रांग बिघडते.’ त्याच्यासाठी शिवलेला लाल सदरा कपाटातच राहिला.

त्याच हिवाळ्यात मुंबईच्या नणंदेनं हिल्डे होल्गर यांच्यावरचा एक लेख पाठवला. यवतमाळात हे नाव कोण ऐकणार! व्हिएन्नाच्या या ज्यू नर्तकी. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यूंना रंगमंच बंद झाला. १९३९ मध्ये त्या मुंबईत आल्या, म्हणून वाचल्या. मागे राहिलेली आई आणि कितीतरी नातलग नाझींनी मारले. मुंबईत त्यांनी आदी बोमन-बेहराम या पारशी डॉक्टरांशी लग्न केलं, १९४१ मध्ये नृत्यशाळा काढली. जातधर्म न विचारता तिथे प्रवेश मिळे. १९४८ मध्ये कुटुंब लंडनला गेलं आणि पुढच्याच वर्षी डॅरिअस जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम होता.

एवढं वाचलं आणि गॅसवरचा चहा उतू गेला.

बाईंनी पोराला नाचातून शिकवलं, त्याच्यासारख्या इतरांनाही. १९६८ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात अशा मुलांना घेऊन त्यांनी नृत्य बसवलं. व्हिएन्नात घडलं ते आणि आमच्या शाळेत घडलं ते एका तागडीत घालणं आगाऊपणाचं होईल. मी घालत नाही. पण जिचा रंगमंच हिसकावला गेला, तिनं तो या पोरांना मिळवून दिला, हे काही डोक्यातून जाईना.

कापूस साठवायची खोली झाडली, भिंतीला आरसा टांगला. मला कुठे नाच येतो? मी टाळ्या वाजवायची, तो पावलं टाकायचा. डावा पाय तालात पडायला तीन महिने लागले. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, “पोराले कायले नाचवतं वं?” त्यांना काय सांगू? मलाच पुरतं ठाऊक नव्हतं.

तान्ह्या पोळ्याला तो लाकडी बैल घेऊन निघाला आणि डफड्यांपुढे असा नाचला की बैल ओढायचंच विसरला. काकूंनी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. सदऱ्याच्या बाह्या तोवर आखूड झाल्या होत्या.

आता तो एकवीस वर्षांचा आहे. दर रविवारी त्या खोलीत अशी सहा मुलं येतात. यंदाचा कापूस ओसरीवर ठेवला आहे.