काटेवाडीजवळचा कळप

बारामतीहून इंदापूरला जाताना काटेवाडीच्या पुढे मेंढ्यांचा कळप आडवा आला. अब्बांनी गाडी थांबवली.

दख्खनी मेंढ्या, बहुतेक काळ्या. लोकर वर्षातून दोनदा कातरतात. राठ असते, पण तिचं घोंगडं पावसात भिजलं तरी ऊब देतं. सनगर ते विणतात, चिंचोक्याची खळ देतात. आमच्या घरी दादीचं तसंच एक आहे. अब्बा थंडीत त्यावरच फजरची नमाज अदा करतात.

मेंढपाळ मामा म्हणाले, "लोकर कोण घेतंय आता? कातरायची मजुरीबी निघत नाही." मटणाला भाव आहे, खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या की चार पैसे मिळतात; त्यावर चाललंय.

अब्बांनी विचारलं, "एखादं नवं घोंगडं मिळेल?"

मामांनी खांद्यावरचं दाखवलं. "हे बापाचं. विणणारा आमच्या गावात उरला नाही."