अर्ज भरावा, आणि एकाच ठिकाणी भरून थांबू नये

चि. मृणाल,


तुझं पत्र पोचलं. न्यू जर्सीतल्या ग्रंथालयात तू लोकांना सरकारी मदतीच्या भाड्याच्या घरांचे अर्ज भरून देतेस, आणि त्यांत ग्रीन कार्डावर मुलांकडे आलेले आपल्याकडचे आजी-आजोबाही असतात, हे वाचून बरं वाटलं. तुझा प्रश्न रोखठोक आहे: प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षं हलणार नसेल, तर माणसांना त्या आशेवर ठेवणं ही फसवणूक नाही का? माझ्या मते नाही. अर्ज करावा, आणि जिथे जिथे करता येईल तिथे तिथे करावा. मात्र यादी इतकी लांब का होते हे आधी समजून घ्यायला हवं, कारण त्या कारणातच पुढे कसं वागायचं तेही दडलेलं आहे.

अमेरिकेत फूड स्टॅम्पची मदत निकषात बसणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला मिळते. घरभाड्याच्या मदतीचं तसं नाही. काँग्रेस दरवर्षी ठरावीक रक्कम मंजूर करते आणि ती जितक्या कुटुंबांना पुरेल तितक्यांनाच मदत मिळते. परिणामी पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच केंद्र सरकारची भाडेमदत मिळते. १९३७च्या कायद्याने सरकारी घरं बांधायला सुरुवात झाली, १९७४मध्ये भाड्यात मदत करणारं ‘सेक्शन ८’ आलं, १९८६पासून कमी भाड्याच्या इमारती बांधणाऱ्या विकासकांना करसवलत मिळू लागली. दुसऱ्या बाजूला, १९९८च्या फेअरक्लॉथ दुरुस्तीने सरकारी घरांची संख्या १९९९च्या पातळीवरच गोठवली. आता याच देशातल्या घरमालकाकडे बघ. गृहकर्जाच्या व्याजावरची करवजावट नियमात बसणाऱ्या प्रत्येकाला मिळते. तिच्यासाठी कुणी नंबर लावत नाही. म्हणजे घरासाठी सरकारी पैसा खर्च व्हावा की नाही, हा वाद केव्हाच मिटला आहे. थांबायला फक्त भाडेकरूला सांगितलं जातं. ही यादी लोकांच्या आळसातून किंवा कार्यालयाच्या ढिलाईतून वाढलेली नाही, ती तरतुदीच्या अपुरेपणातून वाढली आहे. म्हणून तिच्यात नाव घालणाऱ्याने संकोच बाळगायचं कारण नाही.

या मदतीचं मोल किती, तेही पाहू. सेक्शन ८चं व्हाउचर मिळालेलं कुटुंब साधारणपणे आपल्या हिशेबी उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भाड्यापोटी भरतं आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंतचं बाकीचं भाडं सरकार घरमालकाला देतं. महिना १,५०० डॉलर उत्पन्न धरलं तर वाट्याला ४५० डॉलर येतात. भाडं १,५०० असेल तर उरलेले १,०५० सरकारचे. उत्पन्न घटलं तर वाटाही घटतो. इतकी मोठी आणि टिकाऊ मदत मिळण्याची शक्यता थोडी असली, तरी एका अर्जाच्या श्रमापुढे ती जड भरते.

यादीत शिरणं हेच मुळात दुर्मीळ. न्यूयॉर्क शहराने व्हाउचरची यादी जून २०२४मध्ये जवळपास पंधरा वर्षांनी उघडली, तीही आठवडाभरच. सहा लाखांवर अर्ज आले, आणि सोडतीतून दोन लाख नावं यादीत घेतली गेली. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत नाव लागलं की पैसे भरून मालकीचं घर मिळतं. तिथल्या सोडतीत नाव लागलं की थांबण्याचा नंबर मिळतो. तरीही सोडतीला नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. ‘आधी येईल त्याला आधी’ या पद्धतीत ज्याला बातमी लवकर कळते, ज्याला कामावरून सुटी मिळते, ज्याच्याकडे बरा संगणक आहे, तो पुढे जातो. सोडतीत निदान त्या आठवड्यापुरते सगळे सारखे असतात.

खरा अन्याय नंतर सुरू होतो. गृहनिर्माण संस्था अधूनमधून यादी साफ करतात. ‘तुम्हाला अजून घर हवं आहे का’ असं पत्र येतं आणि मुदतीत उत्तर गेलं नाही की नाव कटतं. ज्याचं भाडं थकतं तोच वारंवार घर बदलतो, त्याचाच पत्ता जुना होतो, त्याचंच पत्र परत जातं. गरजूंना प्राधान्य देण्यासाठी केलेली यादी अशा रीतीने सर्वांत गरजूंनाच गाळत जाते, आणि शेवटी उरतात ते कागदपत्रं सांभाळू शकणारे. म्हणून तुझं काम अर्ज ‘सबमिट’ झाला की संपत नाही. तिथून ते सुरू होतं.

एकाने अनेक याद्यांत नाव घालणं म्हणजे इतरांची वाट अडवणं, असा आक्षेप तू ऐकला असशील. त्याने यादी फुगते हे खरं. पण एका कुटुंबाला घर मिळतं एकच, आणि ते मिळालं की बाकीच्या ठिकाणांहून त्याने नाव काढून घ्यावं, एवढं तू सांगू शकतेस. दोष आहे तो रचनेचा. देशभरात हजारो स्थानिक गृहनिर्माण संस्था आहेत आणि प्रत्येकीची यादी, प्राधान्यक्रम, उघडण्याची वेळ वेगळी. मॅसॅच्युसेट्सने राज्याच्या मदतीच्या सरकारी घरांसाठी एकच सामाईक अर्ज ठेवला आहे. इतर राज्यांनाही ते जमू शकतं. तोवर अर्जदाराने जी दारं आहेत ती सगळी ठोठावावीत. संस्था स्थानिक रहिवाशाला प्राधान्य देऊ शकते, पण बाहेरच्याचा अर्ज तो बाहेरचा आहे एवढ्यावरून नाकारू शकत नाही. बासष्ट आणि त्यावरच्या वयाच्यांसाठी ‘सेक्शन २०२’च्या इमारती आहेत, त्यांची यादी त्या त्या इमारतीच्या कार्यालयात असते. करसवलतीतून बांधलेल्या इमारतींचंही तसंच. मोठ्या संस्थेची यादी बंद असताना यांतली एखादी उघडी असू शकते.

दुसरा आक्षेप असा की फुकटची मदत माणसाला आळशी करते. इथे पुरावा प्रामाणिकपणे मांडावा. शिकागोत १९९७मध्ये व्हाउचरसाठी ब्याऐंशी हजारांवर अर्ज आले आणि क्रम सोडतीने लागला. संशोधकांनी पुढे व्हाउचर मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना केली, तेव्हा मिळालेल्यांचं काम आणि कमाई काहीशी कमी झालेली आढळली. हे नाकारू नये. पण बेघर कुटुंबांवर झालेल्या ‘फॅमिली ऑप्शन्स’ या सरकारी अभ्यासातही व्हाउचर मिळालेल्या कुटुंबांचं काम थोडं कमी झालेलं दिसलं, आणि त्याच कुटुंबांत पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, मुलांच्या शाळा बदलणंही कमी झालं. थोडी कमी कमाई एका पारड्यात आणि डोक्यावरचं छप्पर दुसऱ्यात घातलं, तर कौल उघड आहे. शिवाय तुझ्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या आजींना कोणतं काम करायला लावायचं आहे?

आई-वडिलांना मुलांनीच सांभाळावं, असं आपल्यातलेच काही जण म्हणतील. सांभाळावंच. पण मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात नातवंडांबरोबर राहणं सगळ्यांनाच मानवत नाही, आणि जवळच स्वतःचं दार असलेलं घर घेतल्याने नातं तुटत नाही. कायद्याने पात्र असलेल्या ग्रीन कार्डधारकाने अर्ज केला तर तो कुणाचं काही हिसकावत नाही. एच-१बी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्यांना मात्र ही मदत मिळत नाही, हे आधीच सांगावं.

तेव्हा आशा दाखव, पण हिशेबाने. हे घर यंदाच्या अडचणीवरचं उत्तर नाही; तोवरची सोय वेगळी करावी लागेल. व्हाउचर हाती आल्यावर घर शोधायला किमान साठ दिवस मिळतात, आणि तेवढ्यात अनेकांना घर मिळतही नाही. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार व्हाउचर आहे एवढ्या कारणाने घरमालक नकार देऊ शकत नाही, हे त्यांना तेव्हा आठवणीने सांग. गृहनिर्माण संस्था अर्जासाठी शुल्क घेत नाहीत. नंबर वर आणून देतो म्हणून पैसे मागणारा फसवा समजावा. आणि प्रत्येकाला तीन गोष्टी लिहून दे: कुठे कुठे अर्ज केला, पावतीचा क्रमांक काय, आणि पत्ता बदलला तर कुणाला कळवायचं.

तुझी,
आत्या