सहा सह्या आणि अण्णांची मेथी

'सोसायटीच्या कॉमन एरियात विनापरवानगी भाजीपाला लावल्यास पाचशे रुपये दंड आकारण्यात येईल.' गेल्या महिन्यात आमच्या लिफ्टमध्ये ही नोटीस लागली. नाव कुणाचंच नव्हतं. पण सातही मजल्यांना ठाऊक होतं, ही माझ्या वडिलांसाठी आहे!

झालं असं, की अण्णांनी गेटजवळच्या अशोकाच्या बुंध्याशी मेथी पेरली. हातभर रुंदीचा पट्टा. तांदूळ धुतलेलं पाणी रोज खाली नेऊन ओतायचे. चौथ्या दिवशी मी एका इंटरव्ह्यूत असताना त्यांचा फोन आला. "आली गं!" बस्स, एवढंच. आई गेल्यानंतर त्यांनी आपणहून केलेला तो पहिला फोन. पंधराव्या दिवशी सोसायटीच्या माळ्याने मेथी उपटून तिथे क्रोटन लावले. अण्णा भांडले नाहीत. फक्त त्यांचं खाली जाणं बंद झालं.

माझे अण्णा रेल्वेत खलाशी होते. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला पालक-माठाचे हिरवेगार वाफे तुम्ही पाहिले असतील. रेल्वेची 'ग्रो मोअर फूड' नावाची योजना होती. पडीक जागा थोड्याशा भाड्याने कर्मचाऱ्यांना भाजी पिकवायला मिळायची. बरेच जण ती दुसऱ्यालाच कसायला देत. अण्णा मात्र ड्यूटीवरून आले की स्वतः फावडं घ्यायचे. सातारा जिल्ह्यातलं शेत भावकीच्या वादात गेलेलं. त्याची भरपाई ते या तुकड्यावर करत असावेत. मला मात्र त्या वाफ्यांची भयंकर लाज वाटायची. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या, "तुमची गटाराची भाजी!" आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेजारून नाला वाहायचा, आम्ही त्याचंच पाणी पाजायचो. आज पत्रकार म्हणून कुणी विचारलं, तर त्या पाण्यावरची पालेभाजी खाऊ नका, असंच मी सांगीन. पण दोष पाण्याचा होता. संध्याकाळी त्या वाफ्यांवर चार घरची माणसं बसायची, बायका मुळ्याच्या बदल्यात भेंडी न्यायच्या... ते सगळं आमच्या सध्याच्या 'गार्डन फेसिंग' फ्लॅटमध्ये कुठे आहे?

"अगं, मग टेरेस गार्डन कर ना," असं मला किमान दहा जणांनी सुचवलंय. कल्पना झकास आहे आणि मुंबईत ती सिद्धही झालीय. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनमध्ये केटरिंग ऑफिसर असलेल्या प्रीती पाटील यांनी 2002च्या सुमारास किचनच्या गच्चीवर बाग सुरू केली. रोजचा भाजीचा कचरा आणि वाळका पाला यांचीच तिथे माती झाली. यामागची पद्धत श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची. म्हणजे ती एका गणितवाल्याच्या डोक्यातून आली, हे मला फार आवडतं.

पाल्याचीच माती का? कारण वजन! ओल्या मातीचा फूटभर थर दिला, तर दर चौरस फुटाला पंचेचाळीस किलो सहज भरतात. साधी गच्ची त्याच्या एक तृतीयांश भारासाठी बांधलेली असते. हे सगळं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कागदावर मांडलं. "लीकेज झालं तर कोण भरणार?" या एका वाक्यात विषय संपला. खरं सांगू? त्यांचंही पूर्ण चुकलं नाही. वॉटरप्रूफिंगचं बिल मी पाहिलंय. उरलं खिडकीचं ग्रिल. तिथे ऊन येतं जेमतेम दोन तास, आणि टोमॅटोला हवं पाच-सहा तास. कुंडीतल्या चार मिरच्यांनी अण्णांचा दिवस जाणार कसा?

एका फीचरसाठी वाचताना मला इंग्लंडमधला 1908चा कायदा सापडला. तिथे भाजी पिकवायला माणशी जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. जुन्या मापाचा पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा. आमच्या मजल्यावरचे चारही फ्लॅट त्यात आरामात मावतील. पण मला भारी वाटली ती वेगळीच गोष्ट. कुठल्याही सहा रहिवासी मतदारांनी मिळून मागणी केली, की स्थानिक कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. लगेच जागा मिळते असं नाही, वेटिंग लिस्ट लांबलचक असतात. पण सहाच माणसं!

आपल्याकडे जागाच नाही म्हणता? लोअर परळच्या ज्या मॉलमध्ये बसून आपण महागडी कॉफी पितो, त्या भागातल्या गिरण्यांच्या जमिनी सुमारे सहाशे एकर होत्या. 1991च्या नियमाप्रमाणे पुनर्विकास होताना त्यातली एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी पालिकेला मिळायची होती. 2001मध्ये नियम बदलला आणि हिशेब फक्त रिकाम्या जमिनीचा झाला. 2006मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. जागा होती हो, वाटणीत गेली.

आणि जिथे उद्यान होतं, तिथे काय असतं? हिरवळ आणि 'हिरवळीवर चालू नये' हा बोर्ड. लॉन रोज पाणी पितं, त्यातून कोथिंबिरीची एक काडी निघत नाही. त्याच उद्यानाचा एक कोपरा दहा बाय दहाच्या तुकड्यांत पाडा, प्रत्येकाला नंबर द्या, वर्षाचं भाडं घ्या, लॉटरी काढा. पाणी मात्र स्वच्छ हवं, हे मी माझ्या बालपणाची शपथ घेऊन सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत 'उद्यानासाठी आरक्षित' असा बोर्ड लावलेला प्लॉट आहे. पत्रे ठोकलेले, आत डेब्रिज. आपल्याकडे तो सहा जणांचा कायदा नाही, तरी मी अर्ज टाईप केला. पहिली सही माझी, दुसरी अण्णांची. तिसरी दुसऱ्या मजल्यावरच्या नायर आंटींची, त्यांना कढीपत्त्याचं झाड हवंय. चौथी सातव्या मजल्यावरच्या आयटीवाल्याची, पास्त्यासाठी बेसिल! पाचवी वॉचमनची. गावाकडे शेत असलेला आमच्यात तो एकटाच. सहावीसाठी आठवडा गेला. मग एका दुपारी चेअरमनच्या मिसेस स्वतःच आल्या. "अळू लावता येईल ना? आणि ह्यांना एवढ्यात सांगू नकोस हं."

अर्जाच्या कॉपीवर आवक-शिक्का मिळालाय, उत्तर अजून नाही. अण्णा मात्र रोज सकाळी पत्र्याच्या फटीतून प्लॉट बघून येतात. काल चहा पिता पिता म्हणाले, "ऊन झकास आहे. पण जमिनीत दम नाही राहिलेला. डेब्रिज उचललं की आधी ताग पेरून गाडायला लागेल."

तागाचं बी शहरात कुठे मिळतं, ते मी सध्या शोधतेय.