गाडीवर नाव, नावेवर गाडी

‘कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी’ ही म्हण आम्ही गेली अठ्ठावीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत. दिवस पालटतात, आज हा त्याच्या आधाराने चालतो, उद्या तो याच्या, असा अर्थ आम्ही सांगत असू आणि मुले तो वहीत उतरवून घेत. परंतु नाव गाडीवर चढवितात तरी कशी, हा प्रश्न ना कधी मुलांनी आम्हांला विचारला, ना आम्ही स्वतःला. सौंसर-पांढुर्ण्याकडे नाव पाहण्याचे प्रसंगच थोडे. आमची जाम नदी वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीपायी वर्तमानपत्रांत झळकते. कन्हान तिच्याहून मोठी खरी, पण उन्हाळ्यात तिच्याही पात्रात पाण्यापेक्षा वाळू अधिक. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. नाही तर निदान कागदोपत्री तरी आम्ही समुद्रकाठच्या राज्याचे रहिवासी झालो असतो!

तेव्हा गेल्या भाऊबीजेला आमच्या कन्येने दूरध्वनीवर, “बाबा, मला एक ट्रॉली करून द्या ना,” असे म्हटले, त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे संत्र्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी राहिली. आमच्या तालुक्यात या शब्दाला दुसरा अर्थ नाही. तिला हवी होती ती दोन चाकांची लहानशी गाडी, आणि तीही तिची कयाक घरापासून पाण्यापर्यंत नेण्यासाठी.

कन्या मालवणजवळच्या एका गावी शिक्षिका आहे. कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची अरुंद नाव. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. आजची कयाक प्लास्टिकची किंवा काचतंतूची असते. मध्ये एका माणसापुरते भोक, त्यात पाय पसरून बसावयाचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे डावी-उजवीकडे मारावयाचे. कन्येची नाव सुमारे पाच मीटर लांब आणि पंचवीस किलो वजनाची आहे. जावईबापू घरी होते तोवर एक टोक त्यांनी धरावे, दुसरे हिने, असे चाले. गेल्या जूनमध्ये त्यांची कोल्हापूरला बदली झाली. पावसाळा सरला, समुद्र निवळला, तरी नाव पडवीत पालथी पडून होती. पंचवीस किलो उचलणे तिला अशक्य नव्हते, पण पाच मीटरांची वस्तू एकटीने सांभाळीत मऊ वाळूतून तीन-चारशे पावले जाणे ही वेगळी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी दूरवर जाते, तेव्हा तर हे अंतर आणखी वाढते.

“तयार मिळत नाही का?” आम्ही विचारले.

“मिळते. पण कोणाची चाके वाळूत रुततात, कोणाची गंजतात. तुम्ही सौंसरला नीट करून घ्याल.”

हा आमचा गौरव होता. आम्ही होकार देऊन बसलो.

रात्री सौ.नी एकच प्रश्न केला. “म्हणजे ती आता एकटीच जाणार?”

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. खरे सांगावयाचे तर तो प्रश्न आमच्या मनात फोन ठेवल्यापासूनच होता. दोघांवाचून नाव उचलत नाही, हीच आजवर मोठी राखण होती. गाडी करून देणे म्हणजे आपल्या हाताने ती राखण उठविणे. आम्ही सहावीत असताना आमचा एक वर्गसोबती श्रावणात नदीला गेला आणि परत आला नाही. त्यानंतर आमच्या वडिलांनी आम्हांला पोहण्यास जाण्याची बंदी केली. पुढे तीच बंदी आम्ही मुलीवर घातली. ती पोहावयास शिकली ती नोकरी लागल्यावर, आणि आम्हांस कळविले ते शिकून झाल्यावर. पुढचा महिनाभर आम्ही परीक्षांची सबब सांगत राहिलो. तिने तगादा लावला नाही. तगादा लावला असता तर बहुधा आम्ही आणखी महिना घालविला असता.

अखेर सौंसरला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वेल्डिंगच्या दुकानी गेलो. त्याचे वडील जातिवंत सुतार. बंड्या, रेंग्या, दमण्या घडविण्यात त्यांचा जन्म गेला. आता बंडीला गिऱ्हाईक नाही, म्हणून मुलगा जिन्याचे कठडे आणि लोखंडी फाटके करतो. म्हातारबाबा दुकानाबाहेर खाटेवर बसून ते पाहत असतात. सायकलीची दोन चाके, लोखंडी नळीचा आख, वर नावेचा तळ बसेल असा खोलगट पाळणा, अशी गाडी दोन दिवसांत उभी राहिली. नाव कोठून आणावी? म्हणून साडेसोळा फुटांचे दोन बांबू एकत्र बांधले आणि त्यांवर पंचवीस किलो वाळू पोत्यांतून विभागून ठेवली. डांबरी रस्त्यावर हे सोंग असे काही पळाले की मुलांनी टाळ्या वाजविल्या. तशीच ती टेम्पोत टाकून कन्हानच्या पात्रात नेली. वाळूत दहा पावले गेली असेल नसेल, चाके आऱ्यांपर्यंत रुतली. आम्ही पुढून जोर लावला, तर मागले टोक खाली आणि पुढले आमच्या हनुवटीशी!

म्हातारबाबा हट्टाने सोबत आले होते. ते काठावरून म्हणाले, “गुरुजी, बंडी उलाळ होऊन रायली जी. आख मांगं सरकवा.”

बंडीत माल मागे जास्त झाला की ती उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि गळ्याखालून बांधलेला पट्टा बैलांचा गळा आवळतो. माल पुढे जास्त झाला तर सारा भार मानेवर येतो आणि बैल बसतात. म्हणून शहाणा धुरकरी आखाच्या किंचित पुढे तोल राखतो. मानेवर थोडासा भार हवाच, पण थोडासाच. आमच्या पंचक्रोशीतल्या कोणाही शेतकऱ्याला ठाऊक असलेली ही गोष्ट आम्ही, एवढी पुस्तके वाचून, विसरलो होतो.

घरी येऊन आम्ही गणित मांडले. तोल नावेच्या मध्यावर आहे असे धरले आणि आख शेपटीजवळ, मध्यापासून दोन मीटर मागे ठेवला, तर नाळेला धरणाऱ्या हातावर सुमारे अकरा किलो भार येतो. एक मीटर मागे ठेवला तर सात. मध्यापासून वीतभरापेक्षाही कमी, दहा सेंटिमीटर मागे ठेवला तर फक्त एक किलो. बाजारात शेपटीला लावावयाच्या गाड्याही मिळतात, त्या झटकन बसतात आणि थोड्या अंतराला पुरतात. परंतु मऊ वाळूतून एकटीने ओढावयाचे तर गाडी पोटाखालीच हवी. मात्र हा तोलाचा बिंदू लांबीच्या बरोबर मध्यावर असेलच असे नाही. नावेत पाणी, शिदोरी, सामान ठेवले की तो सरकतो. कन्येला आम्ही कळविले की भरलेली नाव जमिनीवर एका आडव्या बांबूवर ठेवून पुढे-मागे सरकव, जेथे ती तोलून राहील तेथे तळाला खूण कर.

रुतण्याचे कारण उघड होते. सायकलीचा टायर दीड इंचाचा. तेच वजन रुंद चाकावर पसरले तर वाळू दबत नाही. उंटाचा तळवा पसरट का, हे आम्ही पाचवीला शिकवितोच. आम्हांला ऑटोरिक्षाचे जुने टायर सुचले. चार इंच रुंद, मजबूत आणि सौंसरला हवे तितके मिळणारे. आम्ही मोठ्या उत्साहाने ही युक्ती कन्येला सांगितली.

“बाबा, ती गाडी मी ठेवू कुठे?”

“कुठे म्हणजे? किनाऱ्यावर.”

“भरती आली तर? आणि मी दुसऱ्या किनाऱ्यावर उतरले तर? ती घडी घालून नावेतच न्यावी लागते.”

नावेवर गाडी! अठ्ठावीस वर्षे शिकविलेल्या म्हणीचा उत्तरार्ध त्या दिवशी आम्हांला समजला. समजला आणि मनाला झोंबलाही, कारण दुसऱ्या किनाऱ्यावर उतरण्याचा बेतही त्यातच होता.

सारे पुन्हा मांडावे लागले. चाके मात्र आम्ही विकतच आणविली. जाड, फुगीर, हलकी, कमी हवेची, खास वाळूसाठी केलेली. अशी चाके सौंसरात होणार नाहीत, आणि उगाच स्वदेशीचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. सांगाडा आमच्या विद्यार्थ्याने पोलादी नळीचा केला. येथे एक धडा मिळाला. नळी न गंजणारी आहे याची खूण म्हणून आम्ही शाळेतला लोहचुंबक घेऊन गेलो होतो. तो चिकटला नाही, आम्ही समाधान पावलो. विद्यार्थी हसला. कठड्यांना वापरतात ती २०२ क्रमांकाची नळी आणि तिच्याहून चांगली ३०४ क्रमांकाची, या दोहोंनाही चुंबक सहसा चिकटत नाही. पहिली खाऱ्या हवेत लवकर डागाळते. दुसरी बरी. समुद्रासाठी सर्वांत चांगली ३१६, पण ती महाग आणि त्याच्यापाशी नव्हती. ३०४ घेतली. चाकांत छऱ्यांची बेअरिंगे घालू दिली नाहीत, कारण खारे पाणी आणि वाळू त्यांत शिरली की ती धरून बसतात. नायलॉनची साधी नळकांडी बसविली. बंडीलाही छरे कोठे होते? वंगण आणि लाकूड यांवरच ती चालली. चाके हातांनी निघतात, सांगाडा कात्रीसारखा मिटतो. पाळण्याला सायकलीची जुनी ट्यूब गुंडाळली, कारण तळाला ओरखडा पडता कामा नये. पट्टे दोन दिले. एक नावेला आणि गाडीला वेढणारा, दुसरा पुढे बैठकीच्या कडेला अडकणारा. हा दुसरा नसेल तर चढावर गाडी मागे निसटते. पट्टे फार आवळू नयेत, उन्हात तापलेल्या प्लास्टिकला खळगा पडतो, ही भर कन्येने घातली.

हिवाळी सुटीला रजा जोडून आम्ही उभयता गाडीचे गाठोडे घेऊन नागपूरमार्गे कुडाळला उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे कन्येने ते उलगडले. पाळणा खुणेवर बसविला, पट्टे ओढले, नाळेची दोरी एका हातात घेतली आणि चालू लागली. आम्ही मागून धरावयास धावलो, तो धरण्यासारखे काही उरलेच नव्हते. किनाऱ्यावर काही मच्छीमार खाली ओंडके सरकवीत आपली होडी वर ओढीत होते, आठ-दहा माणसे एका होडीला. त्यांतला एक वृद्ध थांबून पाहत राहिला आणि म्हणाला, “बरी आसा ही गाडी.” आम्हांला मानपत्र मिळाल्यासारखे वाटले.

पाण्याशी जाऊन तिने गाडी मिटली, चाके काढली आणि सारे नावेच्या मागच्या कप्प्यात घातले. अंगात तरंगते जाकीट, गळ्यात शिट्टी, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन. किती वाजता परतणार ते तिने त्या वृद्धाला सांगितले. आम्हांला सांगितले ते असे : “बाबा, आत्ता मतलई आहे, ती नावेला बाहेर ढकलते. म्हणून सकाळी मी किनारा धरून राहते. दुपारी खारे वारे सुटले की ते घराकडे आणतात.” मतलई वारे आणि खारे वारे! किती वर्षे भूगोलाच्या तासाला फळ्यावर त्यांचे बाण काढले आम्ही. आपला जीव कोणी त्यांच्या हिशेबावर सोपवितो, हे प्रथमच पाहत होतो. विचारावयाचे बरेच योजून आलो होतो, पण तिच्या बोलण्यात आम्हांला चूक काढता येईना. आम्ही बाजूला झालो.

ती गेली. वाळूत दोन रुंद, उथळ चाकोऱ्या पाण्यापर्यंत गेल्या होत्या आणि तेथे संपल्या होत्या. गाडी निदान आमच्या हाती राहिली असती तर धरून उभे राहता आले असते. तीही तिच्याबरोबर गेली होती. सौ. एका शब्दानेही बोलल्या नाहीत. भरतीचे पाणी हळूहळू चढून त्या चाकोऱ्या पुसू लागले, तेव्हा आम्ही उगाचच मागे सरकून वरच्या बाजूच्या चाकोऱ्यांपाशी उभे राहिलो.

सांगितल्या वेळेनंतर सतरा मिनिटांनी ती परतली. ही मिनिटे आम्ही मोजली होती हे तिला सांगितले नाही. तिने गाडी जोडली, आम्ही दोरी मागितली, तिने दिली. हातावर भार किलोभरच होता. गणित बरोबर आले.

घरी अंगणात सौ.नी बादलीभर गोडे पाणी आणले आणि चाकांवर, पट्ट्यांच्या कड्यांवर ओतून खारटपणा धुऊन काढला. मग फडक्याने पुसता पुसता वर न पाहता म्हणाल्या, “उद्या लाल टोपी घाल. या पांढरीत लाटांमध्ये दिसत नव्हतीस.”