पाच वाजताचा आकडा

मंडळी, गेल्या वर्षी एका सोमवारी रात्री मेसमधे भात संपला आणि निम्मं हॉस्टेल वडापावच्या गाडीवर गेलं, ते आठवतंय ना? त्या प्रकरणातला खरा आरोपी म्हणजे अस्मादिक!

मेसच्या हिशोबाचा आमचा जो जावा प्रोजेक्ट होता, त्यात रोज ठरल्या वेळी व्हायची तीन कामं होती. दुपारी ३ ला थकबाकीदारांना मेल, ५ ला रात्री जेवणाऱ्यांचा आकडा काकांच्या कॉम्प्युटरवर, आणि रात्री १२ ला खाडे धरून दिवसाचा हिशोब. मी तिन्ही कामं जावाच्या साध्या ‘टायमर’ला जुंपली, तीही एकाच. या टायमरकडे थ्रेड एकच असतो. एक काम रेंगाळलं की बाकीची ताटकळतात. आणि एखाद्या कामातून न पकडलेलं एक्सेप्शन बाहेर पडलं, की थ्रेडच मरतो. मग तिन्ही कामं बंद!

त्या दिवशी एका पोराचा मेल आयडीच भरलेला नव्हता. ३ वाजता नल पॉइंटर एक्सेप्शन, टायमर खलास. लॉगमधे सगळं आलं होतं हो, पण लॉग बघतो कोण? ५ ला नवा आकडा आलाच नाही. काकांच्या स्क्रीनवर रविवारचा ६२ तसाच होता. त्यांनी तेवढाच भात टाकला.

शिव्या काकांनी खाल्ल्या आणि उपाशीही तेच झोपले. मी पहिल्याच पंगतीत जेवून आलो होतो.

सर म्हणाले, “सर्व्हरवर स्वतःचे थ्रेड कशाला काढतोस? वेळा त्याच्यावर सोपव.” २००९ च्या जावा ईई ६ पासून मेथडच्या डोक्यावर ‘शेड्यूल’ लिहून वेळ देता येते. आता तीन कामांच्या तीन मेथड; एक पडली तरी दुसरीची वेळ चुकत नाही. फक्त एक गंमत आहे. हे टायमर मुळात ‘पर्सिस्टंट’ असतात. लाइट गेली, सर्व्हर बंद पडला, तर हुकलेलं काम सर्व्हर परत सुरू झाल्यावर होतं. हिशोबाला हे उत्तमच. पण ५ चा आकडा रात्री ११ ला आला तर काका त्याचं काय करणार, लोणचं? तिथं ते बंद केलं.

काकांना मी सगळं खरं सांगून टाकलं. ते अजून रोज पावणेपाचला वही घेऊन दारं वाजवत फिरतात.

“काका, आकडा येतो की आता बरोबर!”

“येऊ दे की रे बाळा,” म्हणतात, आणि पुढचं दार वाजवतात.