खड्डा एकदाच कळावा म्हणून

'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' हे नाव फसवे आहे. त्याचे शब्दशः भाषांतर करून 'धक्काशोषक' म्हटले, तर ती फसवणूक मराठीतही येते. धक्का शोषण्याचे काम मुळात स्प्रिंगचे. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते, धक्क्याची ऊर्जा स्वतःत साठवते आणि पुढच्याच क्षणी ती परत करू लागते. तिला मोकळे सोडले तर एका दगडापायी गाडी कितीतरी वेळ वरखाली होत राहील. हे डोलणे आवरण्याचे काम ज्याच्याकडे असते, ते नळकांडे म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि त्यांवर झडपा. त्या अरुंद वाटांतून जाताना तेलाला झगडावे लागते. त्या झगड्यात गतीची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते. इंग्रजीत यालाच 'डॅम्पर' असेही म्हणतात आणि तो शब्द अधिक प्रामाणिक आहे. मराठीत 'अवमंदक' म्हणता येईल. गॅरेजात मात्र त्याला 'शॉकअप' म्हणतात, आणि यापुढे आम्हीही तेच म्हणणार आहोत.

साहित्याच्या अध्यापकांनी शॉकअपवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हा दोघांना गेल्या वर्षी या विषयाचा जेवढा अभ्यास करावा लागला, तेवढा एखाद्या नव्या अभ्यासक्रमासाठीही क्वचितच करावा लागतो. त्याचे कारण आई. आमच्यापैकी एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. त्या हिरडस मावळात, भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या घरात राहतात आणि तिथेच राहणार आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. हाडे ठिसूळ झाल्याने त्यांच्या पाठीचा एक मणका दबला आहे. महिन्यातून दोनदा पुण्याला उपचारांसाठी यावे लागते. "प्रवास चालेल, आदळआपट चालणार नाही," असे डॉक्टरांनी बजावले आहे. म्हणजे प्रश्न सरळ होता. हा प्रवास सोसण्याजोगा राहिला तर आई आपल्या घरी राहणार. नाही तर त्यांना पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत यावे लागणार. घर सुटणे आणि न सुटणे यांच्यामध्ये चार नळकांडी उभी होती.

गाडी म्हणजे दुहेरी केबिनची पिकअप. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानी. 'कमान' हा शब्द इथे थांबून पाहण्यासारखा आहे. फारसीतले धनुष्य मराठीत आल्यावर देवडीची कमान झाले आणि नंतर ट्रकच्या चाकावरचे एकावर एक रचलेले पोलादी पाटेही कमानच झाले. भाराखाली वाकायचे आणि भार उतरला की सरळ व्हायचे नाही, पुन्हा आपल्या बाकावर यायचे, हा धनुष्याचा गुण तिन्ही अर्थांपैकी या शेवटच्या अर्थात पुरता उतरला आहे.

गाडी आम्ही दुसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हाच ती सुमारे दोन इंच उचललेली होती. पुढे स्प्रिंगवर ठोकळे, मागे कमानीत एक जादा पाटा. ही उंची आम्हाला हवीच होती. घरापूर्वीच्या कच्च्या वाटेवर एक ओढा आहे. त्याच्या उताराच्या तोंडाशी कातळाची पायरी आहे आणि बसक्या गाडीचे पोट तिच्यावर घासते. (इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्प्रिंग उंच केल्याने गाडीचे पोट वर जाते, पण मागच्या अ‍ॅक्सलचा मधला गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने. पुष्कळ लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात.) आधीच्या मालकाने गाडीवर पोलादी बंपर, टपावर तंबू आणि हौद्यात अवजारांची पेटी चढवली होती. विकताना त्याने ते सगळे काढून घेतले. भार उतरला, भाराची तयारी मात्र गाडीत राहिली. रिकाम्या हौद्याखाली ती जाड कमान दबायलाच तयार नसे.

त्यात शॉकअप मूळचेच होते. उचललेल्या गाडीत हे का चालत नाही, ते समजायला आम्हाला थोडा वेळ लागला. शॉकअप ठरावीक लांबीइतकाच उघडतो. गाडी दोन इंच वर गेली की उभ्या जागीच तो जवळजवळ तेवढा ताणलेला असतो आणि खाली जायला चाकाला तेवढीच कमी जागा उरते. मग चाक खड्ड्यात उतरताना शॉकअप पुरता उघडतो, पण खड्डा संपलेला नसतो. आतला दट्ट्या टोकाला आपटतो आणि 'ठक्' असा आवाज येतो. तो ठोका मागून निघून पुढच्या आसनापर्यंत पोचे. आई त्या वेळी काही बोलत नसत. फक्त दाराच्या वरची मूठ घट्ट धरत.

तेव्हा पहिला निकष लांबीचा. चार चाके सपाट जमिनीवर असताना शॉकअपच्या दोन टोकांमधले अंतर मोजायचे, चाक पूर्ण लोंबते ठेवून मोजायचे आणि वरच्या रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत किती उरते तेही मोजायचे. लांब शॉकअप घेऊन काम संपत नाही. तो मिटल्यावरही लांबच राहिला, तर रबरी ठोकळ्याच्या आधी स्वतःच तळाला आपटतो. पुढच्या चाकांना आणखी एक मर्यादा असते. तिथे चाक फार खाली जाऊ दिले, तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्यांवर आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. म्हणून मागे लांब आणि पुढे बेताचे, हे ठरले.

दुसरा प्रश्न जातीचा. एका जातीत नळीत नळी असते. दुसरीत एकच जाड नळी, आणि तेलापासून तरंगत्या दट्ट्याने वेगळा केलेला दाबाखालचा नायट्रोजन. ही दुसरी रचना फ्रेंच संशोधक बूर्सिए द कार्बों यांच्या विचारातून आली आणि जर्मनीतील बिलस्टीन कंपनीने १९५० च्या दशकात ती मोटारींत रूढ केली. तिचा गुण असा, की लांबच लांब खडबडीत रस्त्यावर तेल तापले तरी फेसाळत नाही आणि शॉकअप ढिला पडत नाही. दुकानातले संभाषण या गुणापाशी हटकून थांबे. लडाख, स्पिती, कच्छचे रण. आमचा कच्चा रस्ता तीन किलोमीटरचा आहे आणि तो आम्ही सायकलच्या वेगाने पार करतो. तेवढ्यात तेल फेसाळत नाही. उलट, त्या दाबामुळे लहानसहान खडीवर थोडा कडकपणा येतो, आणि आमच्या वाटेवर लहानसहान खडीच जास्त.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. शॉकअप दबताना किती विरोध करतो आणि उघडताना किती, ही दोन वेगळी मापे आहेत. पहिला विरोध जास्त असेल तर दगड थेट पाठीला कळतो. दुसरा कमी असेल तर स्प्रिंग उसळते. फार जास्त असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आतच पुढचा धक्का येतो आणि गाडी हळूहळू आखडत जाते. ही मापे जाहिरातीत नसतात. तिथे विशेषणे असतात: दणकट, आरामदायी, खेळाडू वृत्तीचे. ते वाचताना आम्हाला आपल्याच क्षेत्राची आठवण झाली. 'सकस', 'कसदार', 'जीवनाला भिडणारे' असे शिक्के आपणही पुस्तकावर मारतो आणि ते पुस्तक कोणत्या वाचकाला कुठे पेलते, हे सांगायचे राहून जाते.

पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने हिंडून झाल्यावर एका मिस्त्रींनी आम्हाला उलटा प्रश्न विचारला, "सर, गाडीत एरवी काय असतं ते सांगा. कधीमधी काय असतं ते नको."

आम्ही सांगितले. एरवी तीन माणसे, औषधांची पिशवी, भाजी, एखादा गॅस सिलिंडर. वर्षातून दोन-तीन दिवस इंद्रायणी तांदळाची पोती.

"मग पोत्यांचे शॉकअप कशाला घेता, मॅडम? आईंचे घ्या."

त्या एका वाक्याने निवड बरीच सोपी झाली. ऑस्ट्रेलियातल्या ओल्ड मॅन इमूसारख्या कंपन्या स्प्रिंगा देतानाच कायमचा भार किती, हे विचारतात, याचा अर्थही तेव्हा नीट उमगला. मिस्त्रींच्या सांगण्यावरून प्रथम आम्ही कमानीकडे गेलो. उंची दोन तऱ्हेने येते. पाटा वाढवला की कमान उंच होते आणि ताठही होते. असलेल्या पाट्यांना जास्त बाक दिला की उंची येते, ताठपणा फारसा वाढत नाही. आम्ही जादा पाटा काढला आणि उरलेल्यांना कारखान्यात बाक देऊन घेतला. मग त्या मऊ कमानीला जुळणारे, हलक्या भाराचे, नळीत नळीवाले, मागे लांब नि पुढे बेताचे चार शॉकअप घेतले. मागच्या ब्रेकची रबरी नळी चाक लोंबल्यावर ताणत नाही ना, हे पाहून घेतले. सगळ्यांत महागडे त्यांत काहीच नव्हते.

पहिल्या फेरीला कापूरहोळच्या फाट्यापासून भोरपर्यंत आई गप्प होत्या. धरणाच्या कडेचा रस्ता सुरू झाला, मग कच्ची वाट. ओढ्याच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "खड्डा कळतो रे. पण एकदाच कळतो."

शॉकअपची याहून नेमकी व्याख्या आम्ही कुठे वाचलेली नाही. खड्डा बुजवणे त्याच्या हातात नसते आणि खड्डा कळूच नये, असेही तो करू शकत नाही. झालेला आघात पुन्हा पुन्हा होत राहू नये, एवढेच त्याचे काम. आईंच्या दबलेल्या मणक्याबद्दल डॉक्टरही याहून जास्त काही कबूल करत नाहीत.

निवडीची किंमत भाताच्या हंगामात कळली. पोती भरल्यावर हौदा चांगलाच बसला आणि वळणांवर मागचा भाग सुस्तपणे डोलू लागला. ते अपेक्षितच होते. कमी पोती, जास्त फेऱ्या आणि कमी वेग असा मार्ग आम्ही काढला. वर्षातले ते दोन-तीन दिवस तसेच जातील. तांदळाला मणका नसतो. उरलेल्या फेऱ्या आईंच्या आहेत, आणि तूर्त तरी प्रत्येक फेरी त्यांच्या अंगणात येऊन संपते. उंच पायरीवरून उतरताना त्यांना पायाखाली एक लाकडी पाट लागतो. तो आता गाडीतच असतो.