एकाच ओट्यावर

फेब्रुवारीत बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या फुटपाथांवर टॅबेबुयाच्या गुलाबी फुलांचा सडा पडतो. अशाच एका दुपारी गॅलरीत बसून मी एक कादंबरी वाचत होते. घटस्फोट झालेले दोघं पुन्हा एका घरात राहायला येतात, निम्मं-निम्मं भाडं भरणारे रूममेट म्हणून. बेंगळुरूत मला हे मुळीच ओढूनताणून आणलेलं वाटलं नाही. जिथे दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत मागायची रीत, तिथे संसार मोडला तरी घर मोडणं परवडतंच असं नाही.

त्या गोष्टीतला स्वयंपाकघराचा ओटा माझ्या मनातून जात नाही. लग्नात तो तिचं दूध न विचारता घ्यायचा. आता तोच फ्रीजपाशी थबकतो, “घेऊ का?” म्हणतो. तेवढ्याने तिच्या आत काहीतरी हलतं.

कायदाही असं थबकायला लावतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली, ती अर्जानंतर सहा महिने थांबण्याच्या अटीसकट. योग्य प्रकरणात ही अट शिथिल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. कायदा फार तर विचार करायला वेळ देतो. विचारायचं मात्र माणसांनाच असतं.

महाभारतातल्या दमयंतीला हे कळलं होतं. ती झोपेत असताना तिला अरण्यात टाकून गेलेला तिचा नवरा नल बाहुक होऊन, रूप पालटून आला. त्याच्या हातचं अन्न मागवून तिने चाखलं आणि चवीवरून त्याला ओळखलं. तरीही तिने त्याला समोर बोलावून विचारलंच: निरपराध बायकोला झोपेत सोडून कोण जातं? ओळख पटली म्हणून उत्तर गृहीत धरलं नाही. तिचा दुसरा संसार मला वाटतं त्या प्रश्नापासून सुरू झाला.

जुनं माणूस पुन्हा भेटतं ते असं. हाताची चव ओळखीची असते, माणूस मात्र नव्याने विचारावा लागतो.

संध्याकाळी आधण ठेवताना माझाही हात थबकला. वीस वर्षं मी न विचारता दोन कप चहा टाकत आले आहे. बाहेरच्या खोलीत डोकावून नवऱ्याला विचारलं, “तू काय घेशील?”

त्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

“कॉफी,” तो म्हणाला. “मला संध्याकाळी कॉफीच आवडते.”